एमएनडीच्या रुग्णाला एक दिवस आणि एक खोली द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ जून सर्वांना योगदिन म्हणून माहीत आहे. त्याच दिवशी जगभर मोटर न्यूरॉन डिसीजचा, म्हणजे एमएनडीचा, दिवसही पाळला जातो. त्या निमित्ताने 'या आजारावर औषध नाही' एवढे एक वाक्य दरवर्षी छापून येते आणि विषय संपतो. या रुग्णांसोबत काम करणारे आम्ही फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि डॉक्टर त्यापुढचे लिहीत आहोत. औषधाविनाही या आजारात आयुष्य काही महिन्यांनी वाढते, त्रास बराच कमी होतो, आणि त्यासाठी लागणारी बहुतेक माणसे आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आजही नोकरीवर आहेत. ती एका दिवशी एका खोलीत बसत नाहीत, ही खरी अडचण आहे.

एमएनडीमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. एएलएस हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. कुणाचे पाऊल आधी घसटू लागते, कुणाच्या हातून शर्टाचे बटण लागत नाही, कुणाची जीभ जड होते. पुढे हातपाय, गिळणे, बोलणे आणि शेवटी श्वासाचे स्नायू, सगळेच कमजोर होते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मज्जासंस्थेच्या रुग्णालयाने ३० वर्षांतल्या १,१५३ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय ४६ होते. पाश्चात्त्य देशांत ते साधारण साठीच्या आसपास असते. म्हणजे आपल्याकडे हा आजार बहुधा कमावत्या माणसाला गाठतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग निदानानंतर पंचावन्न वर्षे जगले हे उदाहरण नातेवाईक हमखास देतात. पण त्यांचा आजार विरळ संथ प्रकारचा होता आणि १९८५ मध्ये गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवल्यानंतर चोवीस तास परिचारिका त्यांच्यासोबत असत.

रिलुझोल हे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाले. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, उपाशीपोटी. चाचण्यांमध्ये त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढले. आता हे आकडे शेजारी ठेवा. आयर्लंडमध्ये १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा डब्लिनच्या बोमाँट रुग्णालयात एकत्रित पथकाकडे जाणारे रुग्ण सर्वसाधारण न्यूरोलॉजी ओपीडीत जाणाऱ्यांपेक्षा साडेसात महिने जास्त जगले. बोलणे-गिळणे आधी बिघडलेल्यांत हा फरक त्याहूनही मोठा होता. पथकाकडे येणारे वयाने थोडे लहान होते. ते हिशेबात धरूनही फायदा टिकला. दक्षिण इटलीतल्या एका अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवे. आमच्या मते यातून एवढेच कळते की दारावर 'एमएनडी क्लिनिक' अशी पाटी लावून आयुष्य वाढत नाही. पथक कोणत्या वेळी काय मोजते आणि मोजल्यावर किती दिवसांत हालचाल करते, यावर सगळे अवलंबून आहे.

श्वासापासून सुरुवात करू, कारण बहुतेक रुग्ण श्वास कमी पडून जातात आणि तिथेच सर्वाधिक उशीर होतो. करोनापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. दिवसा तो ९७ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. एमएनडीत बिघाड रात्री सुरू होतो. गाढ स्वप्नांच्या झोपेत श्वासाचा जवळजवळ सगळा भार पोटावरच्या पडद्यावर, म्हणजे डायफ्रॅमवर, येतो. तोच कमजोर असला की कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोके जड होणे, दिवसा पेंग येणे, रात्री सारखी जाग येणे, उताणे झोपता न येणे, उशीवर उशी वाढत जाणे ही त्याची लक्षणे. ती घरच्यांना माहीत असतात, पण ओपीडीत विचारली जात नाहीत. म्हणून दर भेटीला फुप्फुसाची क्षमता बसवून आणि झोपवून, अशी दोनदा मोजावी. झोपल्यावर ती २०-२५ टक्क्यांनी घसरली तर डायफ्रॅम थकला आहे असे समजावे. ओठ कमजोर असलेल्या रुग्णाला स्पायरोमीटरची नळी घट्ट धरता येत नाही, हवा बाजूने निसटते आणि आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी नळीऐवजी मास्क लावून मोजावे किंवा नाकाने हुंगण्याचा जोर मोजणारी चाचणी करावी. तो जोर ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाखाली गेला, किंवा क्षमता अपेक्षित आकड्याच्या ५० टक्क्यांखाली आली, किंवा ८० टक्क्यांखाली येऊन लक्षणेही असली, तर बायपॅपचा, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, विषय त्याच दिवशी निघायला हवा.

बायपॅपचा पुरावा भक्कम आहे. २००६ मध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी ४१ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, बोलणे-गिळणे बऱ्यापैकी शाबूत असलेल्यांचे आयुष्य बायपॅपमुळे २०५ दिवसांनी वाढले. ज्यांचे गिळणे खूप बिघडले होते त्यांचे आयुष्य वाढले नाही, पण झोप आणि त्रास सुधारला. इथे यंत्र बरोबर निवडावे लागते. घोरण्यासाठी मिळणारे सीपॅप इथे चालत नाही. ते एकाच दाबाने हवा ढकलते आणि थकलेल्या स्नायूला उलट त्याविरुद्ध श्वास सोडावा लागतो. श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे, आणि रुग्णाचा श्वास थांबला तर स्वतःहून श्वास देणारे यंत्र हवे. बहुधा घेताना ८ ते १० आणि सोडताना ४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने सुरुवात करतात आणि काही दिवसांत पायरी पायरीने वाढवतात. पहिला आठवडा दिवसा, जागेपणी, टीव्ही बघताना तासभर मास्क लावावा. थेट पहिल्या रात्री झोपताना लावला की रुग्ण घाबरून काढून टाकतो आणि यंत्र कपाटात जाते. हवा गळते म्हणून पट्टे करकचून आवळले की नाकाच्या हाडावर दोन दिवसांत जखम होते. त्यापेक्षा मास्कचा आकार बदलावा. हात हलत नसलेल्या रुग्णाला तोंड झाकणारा मास्क लावून एकटे ठेवू नये. उलटी झाली तर तो मास्क काढू शकत नाही. पायाने किंवा गालाने दाबता येईल अशी घंटा त्याच्याजवळ असलीच पाहिजे.

लोडशेडिंगच्या गावांत विजेचा प्रश्न यंत्र घेण्याआधी सोडवावा. घरी वापरायच्या अनेक बायपॅपमध्ये स्वतःची बॅटरी नसते. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते, निम्मीच धरली तर ९००. हवा दमट करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला आणि यंत्राने साधारण ५० वॅट घेतले, तर रात्र निघून उरते. त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि फ्रिज लावला तर पहाटेआधीच यंत्र बंद पडते. दिवसाचे सोळा तास किंवा जास्त बायपॅप लागू लागला की दुसरे यंत्र हाताशी हवे.

सर्वांत घातक चूक कॅज्युअल्टीत होते. धाप लागलेला रुग्ण आला, ऑक्सिजन कमी दिसला, लगेच मास्कने भरपूर ऑक्सिजन सुरू केला. आकडा सुधारतो, पण कमजोर स्नायू पुरेशी हवा आत-बाहेर करू शकत नसतातच. कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जातो. अशा रुग्णाला आधी बायपॅप द्यायचा, ऑक्सिजन लागलाच तर त्यातूनच आणि मोजून. प्रत्येक रुग्णाच्या खिशात मराठी-इंग्रजीत लिहिलेले कार्ड असावे: निदान, 'फक्त ऑक्सिजन देऊ नका, बायपॅप लावा', 'सपाट झोपवू नका', झोपेचे इंजेक्शन देण्याआधी ज्याला फोन करायचा तो नंबर, आणि कृत्रिम श्वासाबद्दल रुग्णाने घेतलेला निर्णय. छापायला काही रुपये लागतात.

खोकल्याकडे कुणी बघत नाही. दम्यासाठी वापरतात तेच साधे पीक फ्लो मीटर मास्कला जोडून रुग्णाला जोरात खोकायला सांगावे. मिनिटाला २७० लिटरखाली आकडा गेला की सर्दी झाल्यावर कफ अडकण्याचा धोका असतो. १६० खाली खोकला निकामीच. २७० खाली गेल्याबरोबर घरच्यांना शिकवायला सुरुवात करावी: एकमार्गी झडप असलेल्या ॲम्बू बॅगने, म्हणजे हाताने दाबून हवा भरायच्या पिशवीने, दोन-तीन श्वास एकावर एक भरायचे, मग पोटावर वरच्या दिशेने दाब देत खोकायला लावायचे. जेवणानंतर लगेच करू नये. खोकायला मदत करणारे कफ असिस्ट यंत्र याहून चांगले, पण महाग. ते प्रत्येकाने विकत घेण्याची गोष्ट नाही, त्याबद्दल पुढे.

आता ताट. ठसका लागू लागला की घरचे सगळे पातळ करतात आणि ठसका वाढतो, कारण पाणी आणि चहा हेच गिळायला सर्वांत अवघड. त्याहून फसवा आमटी-भात: आमटी आधी घशात उतरते, शीत मागे राहते, दोन्हींची वेळ जुळत नाही. भाकरी, चिवडा, कोरडे पोहे यांचे कण पसरतात. तूप घातलेला गुरगुट्या भात, घट्ट नाचणी, शिरा, कुस्करलेले केळे, सायीचे दही हे एकसंध पदार्थ सोपे जातात. तांब्याने वरून पाणी पिण्याची आपली सवय इथे धोक्याची. मान मागे गेली की श्वासनळीची वाट उघडी राहते. हनुवटी छातीकडे घेऊन, नाक अडू नये म्हणून एका बाजूने कापलेल्या पेल्यातून घोट घोट प्यावे. बद्धकोष्ठतेवर इसबगोल देऊ नये, कमी पाण्यात ते घशात फुगते. रिलुझोलची गोळी कुटून दिली की तोंड बधिर होते आणि गिळणे आणखी बिघडते.

वजन दर महिन्याला, एकाच काट्यावर. उभे राहता येत नसेल तर गावच्या धान्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर चाकाच्या खुर्चीसह मोजावे आणि खुर्ची वजा करावी. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो घटले की पोटातल्या नळीची, म्हणजे पेगची, चर्चा सुरू व्हावी. सहा किलो घटेपर्यंत थांबले तर नळीचा फायदा बराच कमी होतो. श्वासाची क्षमता ५० टक्क्यांच्या वर असताना नळी बसवणे सुरक्षित. त्याखाली बसवायची झाली तर बायपॅप लावूनच. आहारतज्ज्ञाला वजन कळते, छातीच्या डॉक्टरला श्वास कळतो, एंडोस्कोपी करणाऱ्याला दोन्ही माहीत नसते, आणि तिघे तीन वेगवेगळ्या तारखा देतात. तोवर ती वेळ निघून जाते. पथक हवे ते नेमके इथे. नळी बसल्यावर प्रत्येक वेळी आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी सोडावे, डाळ गाळूनच द्यावी आणि अन्न दिल्यावर तासभर डोके उंच ठेवावे. जमेल तोवर तोंडाने चव घेत राहायला हरकत नाही.

बोलणे बंद पडण्याआधी त्याची तयारी करावी लागते. इंग्रजीत मिनिटाला साधारण १२५ शब्दांखाली वेग आला की पर्यायी साधनाकडे वळतात. मराठीसाठी तो आकडा तसाच लावण्यात अर्थ नाही, रुग्णाचा पहिल्या भेटीतला वेग लिहून ठेवावा आणि त्याच्याशीच तुलना करावी. आवाज स्वच्छ असताना नेहमीची वाक्ये, नातवंडांची नावे, हाका फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालणारा संगणक सगळ्यांना परवडत नाही, पण आपली वर्णमाला मुळातच रांगांत बसवलेली आहे. पुठ्ठ्यावर क, च, ट, त, प या वर्गांच्या रांगा, खाली य ते ज्ञ, शेवटी काना-मात्रांची एक रांग आणि कोपऱ्यात 'हो', 'नाही', 'दुखतंय', 'कूस बदल', 'कफ काढ' लिहावे. सोबतचा माणूस आधी रांग वाचतो, रुग्ण पापणी मिटतो, मग त्या रांगेतली अक्षरे. मात्रा आणि जोडाक्षरे सोडून दिली तरी घरच्यांना शब्द कळतो. शहाणपण एवढेच की हे रुग्णाला थोडे बोलता येत असतानाच सुरू करावे. पूर्ण अबोल झाल्यावर तक्ता आणला की दोघांचाही धीर सुटतो.

लाळ गळणे, पेटके, स्नायूंचा ताठरपणा यांवर नेहमीची औषधे आहेत, ती न्यूरोलॉजिस्टने रुग्णाला विचारून द्यायची. अनावर रडू किंवा हसू येणे हे आजाराचे लक्षण असते, मन खचल्याचे नव्हे. त्यावरही औषध आहे. रुग्णाला उठवताना काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नये. सैल पडलेला खांदा निखळतो आणि नंतरची दुखणी महिनोन्‌महिने पुरतात. कमरेचा पट्टा वापरावा. चाकाची खुर्ची आजच्या गरजेची मागू नये, तीन महिन्यांनंतरची मागावी: मानेला आधार असलेली, मागे कलणारी. आणि स्टेम सेलच्या, म्हणजे मूळपेशींच्या, जाहिरातींवर विसंबून शेत विकू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि तत्सम ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हे उपचार म्हणून विकता येत नाहीत, फक्त मान्यताप्राप्त चाचणीत देता येतात. त्या पैशांत बायपॅप, बॅटरी आणि खुर्ची येते.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये सांगितले की पथकाने रुग्णाला दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे. आमची मागणी त्याच धर्तीवर आहे. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एक ठरलेला वार. रुग्णाने तळमजल्यावरच्या एकाच खोलीत बसायचे, पथकाने त्याच्याकडे यायचे. आधी वजन, श्वास आणि खोकला, कारण दमल्यावर हे आकडे घसरतात. मग हातपाय, मग रुग्ण घरचा डबा खात असताना गिळण्याची पाहणी, आणि शेवटी न्यूरोलॉजिस्ट. एका रुग्णाला दोन-अडीच तास लागतात, म्हणून दिवसाला पाच-सहाच. सगळ्यांचे पाहून झाल्यावर पथकाने वीस मिनिटे बसून एका कागदावर लिहायचे: आजचे आकडे, पुढचे तीन निर्णय, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. तो कागद रुग्णाला आणि गावच्या डॉक्टरला. एक परिचारिका किंवा समाजसेवा अधीक्षक समन्वयक, तिचा एकच फोन नंबर. सिंधुदुर्ग किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला दरवेळी प्रवास झेपत नाही. मधली भेट ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवर होऊ शकते, वजन आशाताईंनी घ्यावे.

पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, सेवेचा माणूस पहिल्या भेटीपासून हवा, शेवटच्या आठवड्यापुरता नको. धाप आणि घुसमटीच्या भीतीवर तोंडाने दिलेले अल्प मात्रेतले मॉर्फिन परिणामकारक असते. अमली पदार्थविषयक कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले आहे. निदान रुग्णापासून लपवण्याची आपल्या घरांतली रीत इथे फार महाग पडते. निम्म्या रुग्णांत विचार-वर्तनात थोडाफार बदल होतो, वाचाही जाते, आणि 'व्हेंटिलेटर हवा का' हा प्रश्न भेदरलेल्या मुलाला मध्यरात्री विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. हाताने सही जमते तोवर ते करून घ्यावे.

शासनाकडे आणखी दोन गोष्टी मागायच्या आहेत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या परिशिष्टात पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावे आहेत, एमएनडीचे नाही. त्यामुळे अपंगत्वाचे प्रमाणपत्र देताना एकेका जिल्ह्यात वेगळा अर्थ लावला जाऊ शकतो. आरोग्य विभागाने स्पष्ट परिपत्रक काढावे आणि आजार वाढता असल्याने टक्केवारीची फेरतपासणी घरी किंवा व्हिडिओवर करावी. दुसरे, आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांच्या पॅकेजवर चालतात, तर एमएनडीचा खर्च घरात होतो. म्हणून प्रत्येक महाविद्यालयात उपकरणांची पेढी असावी: बायपॅप, कफ असिस्ट, सक्शन यंत्र, कलणारी खुर्ची, हवेची गादी. परत आलेल्या यंत्राचा मास्क, नळी आणि फिल्टर टाकून नवे लावायचे, बाहेरून निर्जंतुक करून पुढच्या घरी द्यायचे. पहिल्या क्लिनिकच्या दिवसासाठी मात्र यातल्या कशाचीही वाट पाहायला नको. स्पायरोमीटर, मास्क जोडलेले पीक फ्लो मीटर, प्लॅटफॉर्म काटा, वर्णमालेचा पुठ्ठा आणि तळमजल्यावरची खोली एवढ्यावर तो येत्या महिन्यात घेता येईल.

आपले,
एमएनडी रुग्णांच्या सेवेत काम करणारे डॉक्टर, परिचारिका व थेरपिस्ट, पुणे